टिचबटणावर फिरणारी तोफ

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले की नाशिकच्या भाजीबाजारात फिक्या हिरव्या रंगाची, एका हातात न मावणारी भरिताची वांगी यायला लागतात. भाजीवाली सांगते, "जळगावची आहेत, ताई." मी तिला सांगत नाही की मीही जळगावचीच. वांगी घरी आणते आणि गॅसवर भाजते. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याची चव काही त्यांना येत नाही. पण साल काळी पडून तडकली की त्या वासाच्या मागून दुसरा एक वास येतो, ऑइलपेंटचा, टर्पेंटाइनचा आणि तापल्या ब्लेडने कापलेल्या प्लास्टिकचा. एका हिवाळ्यात हे सगळे वास आमच्या धुळ्याच्या घरात एकत्र नांदत होते.

एकोणनव्वद सालचा तो हिवाळा. माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. यांची नोकरी शहाद्याला. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. सासूबाई मी या घरात येण्याच्या आधीच गेलेल्या. त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस घरात मी आणि माझे सासरे, आबा, असे दोघंच. आबा फौजेतून निवृत्त झालेले. रणगाड्यावर ड्रायव्हर होते. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे, म्हणून मी नेहमी डावीकडे जाऊन बोलायची. ते फार बोलत नसत. "चहा झाला का, माय?" आणि "दार लावून घे," एवढ्यात आमचा दिवस संपायचा. आमच्याकडे सुनेलाही माय म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते.

मी जळगावला चित्रकला शिक्षिकेचा कोर्स केला होता. दोन शाळांत अर्ज केले, दोन्हीकडून काही आलं नाही, आणि मग लग्न झालं. रंगांची पेटी माहेरून आणली होती, पण ती पलंगाखाली ट्रंकेत पडून होती. नव्या सुनेने सासऱ्यांसमोर कागद पसरून चित्रं काढत बसावं, हे मला कसंसंच वाटायचं. कोणी नको म्हटलं नव्हतं. मीच मला नको म्हटलं होतं.

आबांचा छंद मला लग्नानंतर पहिल्याच रविवारी कळला. दुपारी पुढच्या खोलीत दोन बाकांवर एक जुनं दार आडवं ठेवलं गेलं. त्यावर खाकी चादर आली. चादरीखाली उशा आणि पुस्तकं सरकवून टेकड्या झाल्या, निळ्या लोकरीची नदी झाली आणि आगपेट्यांचं गाव वसलं. मग आबांनी कपाटातून बुटांचे खोके काढले आणि एकेक करून रणगाडे मांडायला सुरुवात केली. दोन आगपेट्या लांबीला जोडल्यावर होईल एवढा एक. असे पंचवीस-तीस.

समोर बसायला शांतिलालभाई आले. ते आमच्याच गल्लीत राहायचे, बाजारात त्यांचं कटलरीचं दुकान होतं. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घराणं. मालासाठी मुंबईला गेले की कुठल्याशा गल्लीतल्या दुकानातून परदेशी रणगाड्यांचे प्लास्टिकचे सुटे भाग असलेले डबे शोधून आणायचे. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारा हा माणूस दर रविवारी आबांविरुद्ध सैन्य घेऊन उभा राहायचा. फासे टाकायचे, शिंप्याच्या टेपने अंतर मोजायचं, आणि शंभर पानी वहीत आबांनी लिहिलेल्या नियमांप्रमाणे कोणाचा नेम लागला ते ठरवायचं. शांतिलालभाई "गाडी उडाली" असं कधी म्हणत नसत. "ही गाडी आता आराम करेल," म्हणायचे आणि ती हळूच टेबलाच्या कडेला ठेवायचे. सूर्यास्ताच्या आत त्यांचं जेवण व्हायला हवं, त्यामुळे लढाई कितीही रंगली तरी उन्हं उतरली की थांबायची.

मी चहा द्यायला जायची आणि रेंगाळायची. खेळापेक्षा माझं लक्ष त्या गाड्यांकडे असायचं. डब्यातून येणारे रणगाडे दुसऱ्याच देशांचे, दुसऱ्याच लढायांतले. आबा त्यांचे आपले रणगाडे करायचे. मूळची तोफ कापून बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलची लांब नळी लावायची. टूथपेस्टची ट्यूब चिरून, सपाट करून तिच्या पत्र्याचे, चाकं झाकणारे बाजूचे पडदे करायचे. तांब्याच्या तारेच्या कड्या, बँडेजच्या कापडाचं, शत्रूपासून गाडी लपवायचं जाळं. हे सगळं त्यांच्या जाड, खरबरीत बोटांनी इतकं नीट केलेलं असायचं की बघत राहावं. पण रंग मात्र भयंकर. हार्डवेअरच्या दुकानातला खिडक्यांना देतात तो हिरवा ऑइलपेंट सगळीकडून सारखा फासलेला. गाड्या ओल्या शेवाळासारख्या चकाकायच्या.

एका रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, रंग फार गडद झालाय."

शांतिलालभाईंनी फासा हातात धरून माझ्याकडे पाहिलं. आबा म्हणाले, "खऱ्या गाडीचा असाच असतो."

"खरी गाडी मोठी असते. आपण ही लांबून बघतोय असं वाटायला हवं. लांबची गोष्ट फिकी दिसते. आणि धूळ असेल ना तिच्यावर."

आबांनी हातातली गाडी लांब धरून पाहिली. मला वाटलं, चुकलंच. मग त्यांनी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

"कॉलेजात. चित्रकलेच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन आले तर मागच्या खोलीतल्या खिडकीजवळची धान्याची कोठी हलवलेली. तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि टेबलावर रणगाड्यांचे दोन खोके. आबा अंगणात होते. "उजेड तठे चांगला शे," एवढंच म्हणाले. मी ट्रंक ओढून काढली.

पुढे मी अठ्ठावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. नोकरीचा तो अर्जही आबांनीच आणून दिला होता आणि मुलाखतीला सोबत येऊन शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले होते. पण मला विचाराल तर मी शिक्षिका झाले ती त्या सोमवारी, कोठी हलवलेली पाहिली तेव्हा. माणसाला जागा करून देणं म्हणजे काय, ते मी तिथे शिकले. त्याला भाषण लागत नाही. एक जड वस्तू उचलून बाजूला ठेवावी लागते.

डिसेंबर पूर्ण रंगवण्यात गेला. सकाळची थंडी ओसरली की खिडकीतून ऊन टेबलावर यायचं. बाहेर रस्त्याने कापसाने भरलेल्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे जायच्या आणि त्यांतून उडालेले पुंजके आमच्या खिडकीच्या गजांना चिकटायचे. ओल्या रंगावर एखादा बसला की चिमट्याने काढावा लागायचा. मी आधी काळपट रंगाचा हात द्यायची, मग त्यावर हिरवा, मग हिरव्यात पिवळा आणि पांढरा मिसळून जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फक्त कडांवरून फिरवायची. कडा उठून दिसायच्या आणि गाडी एकदम वजनदार व्हायची. शेवटी शेतातली माती वस्त्रगाळ करून चाकांवरच्या पट्ट्यांवर फुंकायची. आबा खुर्चीच्या मागे उभे राहून बघायचे. "एक्झॉस्टजवळ काळं कर. तठे धूर बसतो," असं सांगायचे. पट्ट्यांवर चिखल कुठे साचतो, सैनिक पाय कुठे देऊन चढतात आणि तिथला रंग कसा झिजतो, हे त्यांना डोळे मिटून माहीत होतं. त्या महिन्यात आम्ही वर्षभरापेक्षा जास्त बोललो असू.

आणि मग मी ती चूक केली.

जानेवारीच्या सुरुवातीला आबा कापसाची वेचणी बघायला दोन दिवस गावी गेले. कपाट आवरताना मला मागच्या बाजूला चहाचा एक चौकोनी पत्र्याचा डबा सापडला. आत मऊ फडक्यात गुंडाळलेला एक रणगाडा. त्याला रंग नव्हता. तोफ समोर असायची ती डावीकडे वळलेली, आणि पुढे ड्रायव्हर बसतो तिथलं झाकण कापून उघडं ठेवलेलं. मला वाटलं, हा अर्धवट राहिलाय. आबांना आनंद होईल म्हणून मी दोन्ही दिवस त्याच्यावर घालवले. तोफ नीट समोर करून घट्ट चिकटवली. झाकण बसवून चिकटवलं. मग असा रंगवला की तोवरच्या सगळ्या गाड्यांत तो उजवा ठरावा.

आबा आले, पाय धुतले, मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हाकडे धरला. अंगठ्याने तोफ हलवून पाहिली. ती हलली नाही.

"माय, हाई तोफ कोनी सरळ करी?"

"मी. वाकडी झाली होती ना."

"छान झालाय," ते म्हणाले आणि तो परत फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढचे आठ दिवस खिडकीजवळ आले नाहीत. रविवारी शांतिलालभाई आले, तर आबांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दाराशी मी त्यांना झालं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दहा वर्षं मी यांच्याशी खेळतोय, बेटा. ही गाडी मला त्यांनी कधी दाखवली नाही. तू विचार. मला विचारता आलं नाही."

मी विचारलं. दुसऱ्या दिवशी, सकाळच्या उन्हात. आबा अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, चार शेंगा सोलल्या आणि म्हटलं, "आबा, माझं काय चुकलं ते सांगा. नाहीतर मला पुन्हा कुंचला धरता येणार नाही."

त्यांनी सांगितलं, हातातलं काम न थांबवता.

एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्यात चौघं होते. ड्रायव्हर आबा. तोफेवर नामदेव, तो भडगावकडचा, गिरणेच्या काठच्या एका खेड्यातला. दोघं खानदेशातले, म्हणून आपसात अहिराणी बोलायचे आणि बाकीचे दोघं चिडायचे. सकाळी गाडीला गोळा लागला. कमांडर साहेब जागीच गेले. चौथा बाहेर फेकला गेला आणि वाचला. गाडी पेटली. आणि आबांच्या डोक्यावरचं झाकण उघडेना, कारण तोफेची नळी नेमकी त्यावर आली होती.

"नळी वर असली की झाकण उघडत नाही," आबा म्हणाले. "वीज गेलेली. मग तोफ हाताने फिरवावी लागते, आत एक चाक असतं त्याने. नळी हातभर सरकवायची तर त्या चाकाचे कितीतरी फेरे घालावे लागतात. नामदेवच्या डोक्यावर त्याचं झाकण उघडं होतं. त्याला उठून निघून जाता आलं असतं. तो ओरडला, 'विष्णू, थांब, मी नळी काढस.' आणि फिरवत बसला."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. दुसरा हात हवेत गोल फिरत होता, हळू, जड काहीतरी ओढल्यासारखा.

"माझ्यावर उजेड आला तसा मी बाहेर पडलो. वळून बघितलं तोवर वरचं सगळं पेटलं होतं."

मग ते म्हणाले, "ती तोफ वाकडी नव्हती, माय. ती माझी वाट होती."

त्यानंतरचं इतकंच आठवतं की मी उरलेल्या सगळ्या शेंगा सोलल्या.

दुपारी मी तो डबा घेऊन खिडकीशी बसले. चिकटवलेलं प्लास्टिक सोडवणं सोपं नसतं. ब्लेड मेणबत्तीवर तापवून केसाएवढ्या फटीत घालायचं आणि जरा कापायचं, की ते थंड व्हायचं. दोन दिवस गेले. नळी तुटली, ती रिफिलची नवी केली. तोफेचा भाग शेवटी सुटला, पण आता तो नुसता वर ठेवला की घरंगळायचा. तो फिरलाही पाहिजे आणि जिथे थांबवू तिथे थांबलाही पाहिजे. बराच विचार करून मी माझ्या ब्लाउजचं एक टिचबटण उसवलं. त्याचा एक भाग वर बसवला, एक खाली, आणि दाबलं. टिच्. तोफ बोटाने फिरत होती आणि सोडली तिथे राहत होती. ड्रायव्हरचं झाकण उघडं केलं. आत कसला रंग असतो ते ठाऊक नव्हतं, म्हणून आबांना जाऊन विचारलं. "पांढरा," ते म्हणाले. "आत अंधार असतो, म्हणून पांढरा देतात." मी आत पांढरा दिला.

गाडी त्यांच्या हातात ठेवली तेव्हा तोफ मी समोरच ठेवली होती. बाजूला करणं माझं काम नव्हतं. आबांनी एका बोटाने ती डावीकडे नेली. खूप सावकाश. मग म्हणाले, "भडगावला एक पत्र टाकशील का? त्याची मोठी बहीण आहे. त्याला तिनेच वाढवलं."

अठरा वर्षांत ते तिथे गेले नव्हते. पत्ता मात्र तोंडपाठ होता. मी पोस्टकार्ड लिहिलं. उत्तर आलं, त्यात एकच शब्द होता, "या."

संक्रांतीनंतर आम्ही दोघं सकाळच्या एसटीने निघालो. पारोळ्याला गाडी बदलून भडगाव, आणि तिथून पुढे गिरणेच्या काठाकाठाने पायी. डबा आबांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं वेचून रिकामी झाली होती आणि मधूनच केळीचे हिरवे तुकडे. नदीत पाणी गुडघाभर. आबा दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा मला वाटलं आता परत फिरतील. मी म्हटलं, "आबा, मला तहान लागलीय. त्यांच्याकडे जाऊन पाणी पिऊ." ते चालायला लागले.

नामदेवची बहीण, अक्का, ओट्यावर बसलेल्या. साठीच्या पुढच्या, काटक. आबा अंगणात उभे राहिले आणि नाव सांगितलं. अक्का म्हणाल्या, "बठ, भाऊ." आतून पाणी आणून दिलं. मग, इतकी वर्षं का आला नाहीस, ते विचारलं, "इतला वरीस कसाले उना नही?"

"तोंड नही व्हतं दखाडाले," आबा म्हणाले.

"आते उना ना. बठ्ठं सांग."

आबांनी डबा उघडला. गाडी ओट्यावर ठेवली. कोण कुठे बसलं होतं, गोळा कुठे लागला, नळी कुठे होती, हे सगळं त्या छोट्या गाडीवर बोट ठेवून सांगितलं. नामदेवचं बसायचं ठिकाण दाखवलं, आणि मग तोफ समोरून डावीकडे फिरवली, जशी त्याने फिरवली होती. अक्का पापणी न हलवता बघत होत्या. सरकारी पत्रात त्यांना एवढंच कळलं होतं की भाऊ लढताना गेला.

"तो घाबरना व्हता का?" त्यांनी विचारलं.

"नही, अक्का. मी घाबरनू व्हतू. तो नही."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मग हात पुढे करून त्यांनी तोफ स्वतःच्या बोटाने समोर आणली आणि पुन्हा बाजूला नेली. दोनदा, तीनदा. उघड्या झाकणातून आतला पांढरा रंग दिसत होता. त्यांनी आबांच्या डोक्यावर हात ठेवला. आबा तेव्हा पंचावन्नचे होते. मान खाली घालून ते लहान मुलासारखे रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि लोणी. निघताना आबा गाडी तिथेच ठेवायला लागले, तर अक्कांनी ती त्यांच्या हातात परत दिली. "ली जा. पन डबामा ठेवू नको. बाहेर ठेव," त्या म्हणाल्या. मला त्यांनी जवळ घेतलं आणि विचारलं, "हाई तू करं का?" मी मान हलवली. त्यांनी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. नखांत हिरवा रंग होता.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शांतिलालभाई त्यांच्याही आधी गेले. अक्का त्या भेटीनंतर नऊ वर्षं होत्या, आणि दर भाऊबीजेला आबा भडगावला जात. खूप जणांची मी ऋणी आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते मी कधी ना कधी सांगून टाकलं. एक माणूस मात्र राहिला. त्याचं नावही मला ठाऊक नाही.

परतीच्या प्रवासात पारोळ्याला आम्ही धुळ्याची गाडी पकडली. गाडी सुटली आणि आबा बोलायला लागले. आधी मला वाटलं दोन वाक्यं बोलून थांबतील. ते थांबले नाहीत. नामदेव कसा गायचा, किती बेसूर, आणि गाणं अर्धं विसरून कसे शब्द जोडून घ्यायचा. रणगाड्याच्या तापलेल्या पत्र्यावर डबा ठेवून चहा कसा करायचा. सुटीवरून येताना शेव कशी धुतलेल्या चड्ड्यांच्या गाठोड्यात लपवून आणायचा आणि ती कशी साबणाची लागायची. त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, त्या मुलीला काय लिहू म्हणून आबांना कसं विचारायचा. अठरा वर्षं एकाच सकाळी अडकून पडलेला माणूस त्या एसटीत हसत होता, खात होता, थट्टा करत होता. आबा हसले की पुढचे लोक वळून बघायचे. ऐकू कमी येत असल्याने त्यांचा आवाज मोठा होता, सगळी गाडी ऐकत होती.

धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागली. दिवस मावळतीला आला होता. लोक पिशव्या घेऊन उतरले, गाडी रिकामी झाली. आबा बोलतच होते, त्यांना गाडी थांबल्याचं कळलंच नव्हतं. कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत घेऊन दारातून आत आला, "चला, उतरा," म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडलं. मी आबांच्या पाठीमागून त्याला हाताने खुणावलं, जरा थांबा. त्याने आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुढच्या सीटवर पाठमोरा बसला. खाली ड्रायव्हर गाडी डेपोत न्यायची म्हणून हाका मारत होता. कंडक्टरने खिडकीतून हात बाहेर काढून त्यालाही थांबवलं. आबांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.